दहाव्या प्रश्नाचं उत्तर

जोहरा परकार बुरैदा शहरातल्या बायकांच्या एका खासगी क्लासमध्ये इंग्रजी शिकवायची. ती मूळची हर्णैची, दापोलीच्या कॉलेजातून बीए झालेली. लग्न होऊन सौदीला आली त्याला एकोणीस वर्षं झाली होती. नवरा सुफियान खजुराच्या कोल्ड स्टोरेजवर सुपरवायझर होता आणि मुलगी अदिबा भारतीय शाळेत बारावीला.

क्लासमध्ये सकाळच्या वर्गाला सहा जणी होत्या. विद्यापीठाच्या इंग्रजी परीक्षेसाठी त्यांना उताऱ्यांचा सराव करायचा असे. नोव्हेंबरातल्या त्या सोमवारी आलेला उतारा जोहराने काही मुद्दाम निवडला नव्हता, पुस्तकात तो क्रमाने आला होता. कुठल्याशा थंड देशात कापडगिरणीतल्या बायका समान हक्कांसाठी रस्त्यावर उतरतात, पोलीस त्यांना घरी जा म्हणून सांगतात, त्या जात नाहीत. खाली दहा प्रश्न. नऊ प्रश्नांना पर्याय दिलेले. दहावा लिहायचा होता : या बायकांत तुम्ही असता तर काय मागितलं असतं?

"व्याकरण सांभाळा," जोहरा म्हणाली. "मजकूर काहीही चालेल."

पाच जणींनी मागितलं ते साधंच होतं. ऑफिसात पाळणाघर, चांगला पगार, एकीने तर मोठी गाडी. सहावा कागद नूफचा होता. नूफ बावीस वर्षांची, वर्गात शेवटच्या खुर्चीवर बसणारी, विचारल्याशिवाय न बोलणारी मुलगी. तिने लिहिलं होतं :

'माझी मोठी बहीण बदूर घर सोडून गेली म्हणून तिला पकडलं. शिक्षा चार महिन्यांची झाली. ती संपून दोन वर्षं झाली. पण घरातला पुरुष न्यायला आल्याशिवाय तिला सुधारगृहातून सोडत नाहीत. वडील वारले. भाऊ जात नाही. मी गेले, तर तुझी सही चालत नाही म्हणाले. मी त्या बायकांत असते, तर माझी सही चालावी एवढंच मागितलं असतं.'

जोहराने कागद दोनदा वाचला. क्रियापदांचे काळ चुकले होते, ते तिने लाल पेनाने दुरुस्त केले. आणखी काय करावं ते तिला सुचेना. मग तळाशी तिने लिहिलं, 'छान. यावर आणखी लिही.'

वर्ग सुटल्यावर नूफ मागे थांबली. "मिस, आणखी म्हणजे किती?"

"तुला वाटेल तितकं."

"आणि कुणाला देऊ?"

"मला दे. मी तपासून देईन."

पुढच्या सोमवारी नूफने तीन पानं आणली. बदूरला आठवड्यातून एकदा दहा मिनिटं फोन मिळायचा. ती फोनवर नेहमी एकच विचारायची, हम्माद काय म्हणाला? हम्माद म्हणजे त्यांचा भाऊ. नूफ दर वेळी सांगायची, तो विचार करतोय. खरं तर हम्मादने घरात बदूरचं नाव काढायला बंदी केली होती. जोहराने तीही पानं तपासली आणि परत दिली. परत दिली ही चूक झाली, असं ती नंतर कितीदा तरी म्हणाली. ठेवून घेतली असती तरी काय झालं असतं, हेही तिला सांगता यायचं नाही.

आठ दिवसांनी क्लासच्या प्रमुख मुनीराबाईंनी तिला खाली बोलावलं. इमारतीत पुरुषांना फक्त दर्शनी खोलीत यायची परवानगी होती. त्या खोलीत सोफ्यावर तिशीतला एक माणूस बसला होता. इस्त्रीचा पायघोळ पांढरा थोब, हातात गाडीची किल्ली. शेजारच्या खुर्चीवर नकाब घेतलेली नूफ. टेबलावर घरी त्याच्या हाती लागलेली ती तीन पानं आणि पहिला कागद, लाल अक्षरांसकट.

"हे तुमचं अक्षर?" हम्मादने इंग्रजीत विचारलं. त्याचा आवाज चढलेला नव्हता.

"हो."

"यावर आणखी लिही, असं तुम्ही का सांगितलं? माझ्या घरातलं आणखी काय हवं होतं तुम्हाला?"

मुनीराबाई जोहराकडे बघत होत्या. त्यांनी हातातलं पेन घट्ट धरलं होतं. ही बाई घाबरली आहे, हे जोहराला तेव्हाच कळलं, आणि मग तिलाही भीती वाटली. इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना, सुफियानची नोकरी, अदिबाची बोर्डाची परीक्षा, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. मग तिला एक वाट दिसली.

"हे खरं नाही," ती म्हणाली. "सरावासाठी मनाने गोष्ट रचून लिहा, असं मीच वर्गाला सांगितलं होतं. नूफने चांगली रचली, म्हणून आणखी लिही म्हटलं."

खोलीतला ताण जरा सैल झाला. मुनीराबाई लगेच अरबीत म्हणाल्या, "बघा, नुसता सराव आहे." हम्मादने पानांकडे पाहिलं. त्यालाही हे पटवून घ्यायचं होतं असं दिसलं. कागद फाडायचा, बहिणीला घरी न्यायचं, की विषय संपला.

त्याने नूफला विचारलं, "मनाने लिहिलंस?"

नूफ भावाकडे न बघता जोहराकडे वळली आणि सावकाश इंग्रजीत म्हणाली, "नाही मिस. मी काही रचलं नाही. बदूर माझी बहीण आहे. ती तिथे आहे, आणि हा तिला आणत नाही."

हम्माद उठला. पानांची घडी करून त्याने खिशात घातली आणि दाराकडे बोट केलं. नूफ उठून चालू लागली. जाताना तिने जोहराकडे पाहिलं. नकाबातून फक्त डोळे दिसत होते, आणि त्या डोळ्यांत काय होतं ते जोहराला वाचता आलं नाही.

दुपारी मुनीराबाईंनी एक कोरा कागद पुढे ठेवला. "त्याने तक्रार केलीच, तर माझ्या हातात काहीतरी हवं. लिहा, विद्यार्थिनीने हा मजकूर स्वतःहून लिहिला. वर्गात असं काही लिहायला सांगितलं नव्हतं. मजकूर न वाचताच मी फक्त व्याकरण तपासलं."

"मी वाचला होता."

"मला माहीत आहे," मुनीराबाई म्हणाल्या. "मी पण मघाशी वाचला. लिहा, उस्ताजा जोहरा. तुम्हालाही मुलगी आहे."

जोहराने लिहिलं आणि खाली सही केली.

घरी तिने सुफियानला सगळं सांगितलं. तो जेवत होता. जेवता जेवता थांबून म्हणाला, "बरं केलंस. आपण परक्या मुलखात आहोत. खलास, आता तो विषय नको."

"तिच्याच अंगावर ढकललं मी सगळं."

"ती स्वतःच बोलली ना पण? तू तर वाचवत होतीस तिला."

अदिबा पुस्तक घेऊन दारात उभी होती. तिने हिंदीत विचारलं, "अम्मी, आप उसको फोन करोगी?"

जोहराने दुसऱ्या दिवशी फोन केला. नंबर बंद होता. महिनाभर ती रोज करत राहिली.

सराव पुस्तकांतून तेवढं पान कापून टाकलं गेलं आणि वर्ग पुढच्या उताऱ्यावर गेला. तो मधमाश्यांवर होता. पाच जणींपैकी कुणी नूफचं नाव काढलं नाही. फेब्रुवारीत त्यांच्यातली एक जिन्यात जोहराला हळूच म्हणाली, "तिचं लग्न करून दिलं, लांब हाइल शहरात. माणूस वयाने मोठा आहे."

"आणि बहीण?"

"तिथेच असेल. आता फोन कोण घेणार तिचा?"

जोहरा जिन्यातच बसली. आठवड्यातून एकदा कुठेतरी एक बाई दहा मिनिटं फोन कानाला लावून उभी असेल आणि पलीकडे कुणी उचलत नसेल, हे तिच्या मनातून जाईना.

तिने एकदा मुनीराबाईंना विचारून पाहिलं, की सुधारगृहात जाऊन बदूरला निदान निरोप देता येईल का. त्या म्हणाल्या, "तुम्ही कोण म्हणून जाणार?"

अदिबाची परीक्षा संपली, निकाल लागला, तिला पुण्यात प्रवेश मिळाला. तोवर जोहरा रोज वर्गात जात राहिली. जूनमध्ये तिने राजीनामा दिला. मुनीराबाईंनी छापील फॉर्म दिला. त्यात कारण लिहायला तीन ओळी होत्या. जोहराने लिहिलं : 'माझी विद्यार्थिनी नूफ हिच्याबद्दल मी नोव्हेंबरात खोटं लिहून दिलं. मजकूर मी वाचला होता. आणखी लिही, असं मीच तिला सांगितलं होतं.'

मुनीराबाईंनी वाचलं. दार लोटून घेतलं. फॉर्म ड्रॉवरमध्ये ठेवला आणि नवा कोरा फॉर्म पुढे सरकवला.

"इथे 'घरगुती अडचण' लिहा. तो पहिला मी फाडून टाकीन."

"फाडू नका," जोहरा म्हणाली. "मी दुसरा भरणार नाही."

"त्याने काय होणार आहे? ती मुलगी परत येणार आहे का?"

"नाही."

मुनीराबाईंनी ड्रॉवरला कुलूप लावलं की नाही, फॉर्म फाडला की ठेवला, हे जोहराला कधीच कळलं नाही. ती नकाब बांधून बाहेर आली. फुटपाथ तापला होता. सुफियान गाडीत वाट बघत होता. ती शेजारी बसली, आणि त्याने गाडी घराकडे वळवली.