तिरप्या पाइपचं माप

"वर चढल्याशिवाय माप मिळत नसतं," असं म्हणून हे भिंतीकडे तोंड करून पडले.

माझं डोकंच फिरलं. पाच महिने झाले ह्यांना छपरावरून पडून. खुब्याचं हाड जुळलं. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, शिडी मात्र कायमची बंद केली. तेव्हापासून हा माणूस खालच्या वर्कशॉपमध्ये उतरलेला नाही. तीस वर्षं पत्र्याची छपरं उभारली, आता आपण संपलो, एवढंच धरून बसलेले. आमच्या वेल्डरचा हात सोन्याचा, पण टेप दिली की चूक ठरलेली. त्यात एका गोदामाच्या छपराचं काम आलं होतं. तेही सोडलं असतं तर हे पुन्हा उठलेच नसते, ह्याची मला धास्ती होती.

मग मीच गोदामात गेले. जमिनीवर उभी राहून, टेप लांब बांबूला बांधून मापं घेतली आणि घरी येऊन पलंगासमोरच्या फरशीवर खडूने त्रिकोण काढला.

"अहो, इकडे बघा. मधल्या खांबापासून भिंत आठ फूट. खांब भिंतीपेक्षा सहा फूट उंच. हा इथे काटकोन. आठ आठे चौसष्ट, सहा सक छत्तीस, झाले शंभर. दहा दाहे शंभर. म्हणजे तिरपा पाइप दहा फूट. चढायचं कशाला?"

"शाळेतलं गणित छपरावर चालत नाही."

"चालतं की नाही, विचारून तरी बघा."

भिंतीकडूनच आवाज आला, "बारा आणि नऊ असले तर?"

मी फरशीवर आकडे मांडले. "पंधरा."

हे कुशीवर वळले. "शाळेचं छप्पर केलं तेव्हा भिंतीपर्यंत पंधराच भरले होते," हळूच म्हणाले. "दोनदा चढलो होतो मी त्यासाठी."

मला रडूच यायला लागलं. तेवढ्यात हे उठून बसले आणि फरशीकडे बघत खेकसले.

"आणि वळचण कोण धरणार, तुझा भाऊ? पाइप भिंतीपाशीच संपवलास तर पाणी सगळं भिंतीत मुरेल. फूटभर बाहेर काढावा लागतो. अकरा कर ते."

पाच महिन्यांनी मी ह्यांची बोलणी खात होते. एरवी मी एकाला चार ऐकवली असती, पण मुकाट्याने दहाचे अकरा केले.

"वेल्डरला सांग," चपला शोधत हे म्हणाले, "मी येईपर्यंत कापायला घेऊ नकोस म्हणावं."

जिना उतरताना ह्यांनी माझा खांदा घट्ट धरला होता, आणि खालच्या पायरीपर्यंत माझ्या चुका काढणं चालूच होतं.