बावन्न टाके

"नाव घे, टाका घाल, मग जरा थांब. देवाला घाई नसते, आपल्यालाच असते."

आईचा हा आवाज लेकीच्या कानात लहानपणापासून मुरलेला. शनिवारी संध्याकाळी आई खिडकीपाशी बसायची, मांडीवर पत्र्याचा डबा, बोटांत लाल दोरा. वर्षाच्या शेवटच्या रविवारी चर्चच्या मंडळीतले लोक नव्या वर्षाचा निश्चय किंवा मागणं चिठ्ठीवर लिहून तिच्याकडे द्यायचे. मग दर शनिवारी एकेकाचं नाव घेऊन आई प्रार्थना करायची आणि चिठ्ठीच्या कडेला एक टाका घालायची. बावन्न टाके भरले की चिठ्ठी ज्याची त्याला परत. लोक ती बायबलात जपून ठेवायचे. टाका घालता घालता आई स्वतःशीच गुणगुणायची:

सुईच्या नेढ्यात दोरा, दोऱ्यामागं नाव
नावामागं जीव, देवा, जिवाला दे ठाव.

मागच्या डिसेंबरात आई गेली आणि डबा लेकीकडे आला. लेकीला सगळे टाचणी म्हणतात. अंगानं तशीच, आणि गणवेश शिवायच्या कारखान्यात दिवसभर ओठांत टाचण्या धरून बसायची सवय.

जानेवारीच्या पहिल्या शनिवारी तीही खिडकीपाशी बसली. वरचीच चिठ्ठी पाववाल्या काकांची: 'सिगरेट सोडायची.' तिनं नाव घ्यायला तोंड उघडलं, आणि आत काहीच नव्हतं. आईसाठी तीन महिने गुडघे टेकले होते, तरी आई गेलीच. आता दुसऱ्याच्या सिगरेटसाठी कुठल्या तोंडानं मागायचं? तिनं सुई परत खोचून ठेवली. पुढच्या शनिवारी बघू म्हणाली. पुढच्या शनिवारीही तेच म्हणाली. असं म्हणता म्हणता डिसेंबर संपत आला, आणि काल दुपारी घाबऱ्या घाबऱ्या तिनं सदतीस चिठ्ठ्या मशीनखालून काढल्या. प्रत्येकीवर मोजून बावन्न टाके. तासाभरात वर्ष शिवून झालं.

आज उपासना संपल्यावर देवळाच्या बाजूच्या खोलीत चहा चालला होता. लोक येत होते, आपापली चिठ्ठी घेत होते.

"वन्सं, हात बसला हो तुमचा," वहिनी चिठ्ठी उजेडात धरून म्हणाली. "सासूबाईंचे टाके म्हणजे मुंग्या रस्ता चुकल्यासारखे. तुमचे बघा, पट्टीनं आखल्यासारखे."

टाचणीनं मान खाली घातली. टपालवाल्या बाईंची लेक परीक्षेत पास झाली होती. पाळकांच्या भावाला काम मिळालं होतं. तीन वर्षं न बोलणाऱ्या दोघी बहिणी एका बाकावर बसल्या होत्या. वहिनीचं वजन तेवढं उतरलं नव्हतं, पण त्याचा बोल ती देवाला लावत नव्हती. जो तो टाचणीचा हात हातात घेऊन म्हणत होता, तुझ्यामुळं झालं.

तिला काही उमगेना. रडून मागितलं ते मिळालं नाही, आणि न मागितलेलं असं पदरात पडत होतं. मग ऐकलं कुणी, आणि काय? मशीनची खडखडच देवानं प्रार्थना म्हणून धरली? की आईचे जुनेच टाके अजून पुरत होते? की टाक्यांची गरज कधी नव्हतीच, आणि आई उगाच डोळे फोडत बसली? कुठलंही उत्तर खरं मानलं तरी आत कुठंतरी उसवत होतं.

तेवढ्यात पाववाले काका आले. भुवयांत पीठ, अंगाला भट्टीचा वास.

"टाचणे, सुटली बघ," त्यांनी आपली चिठ्ठी खिशात घातली. "फार जड गेलं. पण हात पाकिटाकडं गेला की म्हणायचो, पोरगी शनिवारी आपल्यासाठी सुई घेऊन बसते, तिला काय सांगायचं? तेवढ्यावर वर्ष निघालं."

त्यांनी नवी चिठ्ठी टेबलावर ठेवली. अक्षर वाकडंतिकडं: 'थोरल्याच्या दारात जायचं.'

"सहा वर्षं बोलत नाही तो माझ्याशी. चूक माझीच आहे. सिगरेटचं काय, ती आपल्या हातातली. याला माझा धीर पुरणार नाही." त्यांनी आवाज खाली आणला. "शनिवारीच जाईन म्हणतो. तू टाका घालशील, त्याच वेळेला. दार उघडलं नाही तर निदान ठाऊक असेल, कुणीतरी बसलंय."

टाचणीनं चिठ्ठी उचलली. नुसतं हो म्हणायचं होतं. पुढच्या डिसेंबरात मशीन होतंच, आणि शिवण सरळच आली असती. पण काका त्या दारासमोर उभे असतील आणि खिडकीपाशी कुणी नसेल, हे तिला डोळ्यांपुढं दिसलं.

"झालं का गं? डबा बंद करू?" पाळकांनी दारातून विचारलं.

"थांबा जरा," ती म्हणाली, आणि काकांकडे वळली.

"काका, ते टाके मशीनचे आहेत. काल दुपारी घातले. वर्षभरात तुमचं नाव मी एकदाही घेतलं नाही. कुणाचंच नाही. आई गेल्यापासून मला प्रार्थना करताच येत नाही."