दौंडच्या पडद्यावर गिताबाईंचं नाव

मित्रांनो, शिरूरच्या आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये दारामागच्या टेबलावर पाठ सुटलेला, चेहरा पिवळट पडलेला एक जुना मॉनिटर दिसतो ना, तो मी. चौदा इंची. लोकांना वाटतं मी नुसता पडून आहे. तसं नाही. माझं काम अजून चालू आहे, आणि ते कसं मिळालं तेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. आठवतो तो थर्माकोलचा वास आणि खोक्यातला अंधार. खोकं उघडलं ते एकोणीसशे सत्त्याण्णव साली, इथेच. त्याआधी या खोलीत टायपिंगचा क्लास होता. क्लासचे मालक हौसराव सर. त्यांनी मला टेबलावर ठेवलं आणि आधी उदबत्ती लावली. मुलं चपला बाहेर काढून माझ्यासमोर बसत. दसऱ्याला मला झेंडूची माळ, कपाळी हळदकुंकू. ते कुंकू काचेवर ओघळायचं, आणि पुढे दोन दिवस प्रत्येक पत्र लालसर दिसायचं. कोणी रागावत नसे.

मग दोन हजार एक साली सतरा इंची मॉनिटर आला. रंग लख्ख, पडदा ऐसपैस. मला दारामागे नेऊन ठेवलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण क्लासमध्ये शिकवणारी फरहत रोज सकाळी आल्याबरोबर ओठांतल्या ओठांत बिस्मिल्ला म्हणायची आणि सगळ्या पडद्यांवरची धूळ पुसायची. माझ्यावरचीही पुसायची. तेवढ्यावर माझा दिवस जायचा.

फरहत शिकवता शिकवता वेबपेज करायला शिकली होती. दोन हजार दोनच्या दिवाळीआधी तिच्याकडे वडगाव रासाईच्या गिताबाई आल्या. त्या लोकर कातायच्या आणि त्यांचे यजमान बिरदेव जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून मागावर घोंगडी विणायचे. पण घोंगडी घेणारं गिऱ्हाईक उरलं नव्हतं. बिरदेवांनी ठरवलं होतं की यंदा मागाचा खड्डा बुजवायचा आणि कारेगावला कंपनीत वॉचमन म्हणून जायचं. गिताबाईंना ते नको होतं. दौंडला एका संस्थेत एक बाई होत्या. त्या पुण्याच्या प्रदर्शनासाठी कारागीर निवडायच्या. त्यांनी सांगितलं होतं, "तुमच्या कामाचं इंटरनेटवर एखादं पान असेल तर सोमवारी बघते आणि ठरवते." गिताबाईंची सगळी आशा त्या पानावर होती.

फरहतने पान केलं. डावीकडे घोंगडीचा फोटो, मध्ये माहिती, उजवीकडे गिताबाईंचं नाव आणि शेजारच्या भिमाजीआप्पांच्या घरचा फोन. शनिवारी गिताबाईंनी ते सतरा इंचीवर पाहिलं. अक्षर त्यांना फार येत नव्हतं, पण प्रौढवर्गात सही शिकल्यामुळे स्वतःचं नाव ओळखता यायचं. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "ही मी."

तेवढ्यात बिरदेव बाजार उरकून आले. सतरा इंचीवर सरांची बॅच बसली होती, म्हणून फरहतने तेच पान माझ्यासमोर उघडलं.

मित्रांनो, त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. घोंगडी दिसली, पण मधल्या मजकुराची मराठी अक्षरं जाऊन तिथे टोप्या घातलेली परकी अक्षरं, प्रश्नचिन्हं आणि चौकोन आले होते. तो मराठी फॉन्ट नव्या कॉम्प्युटरमध्ये भरलेला होता, माझ्या सीपीयूत नव्हता. आणि उजवा रकाना तर दिसतच नव्हता. पान हजार ठिपके रुंद बांधलेलं, आणि माझ्या पडद्यावर मावतात आठशेच.

बिरदेवांनी मान तिरकी करून पाहिलं. "घोंगडी आपली हाय. पन नाव कुठं हाय?"

"मघाशी व्हतं की," गिताबाई म्हणाल्या.

"म्हंजी मोठ्या टीव्हीत तू हायेस, बारक्यात न्हाईस. चला, खड्डा बुजवायला मी मोकळा."

 गिताबाईंनी पदर घट्ट धरला, एवढं मी पाहिलं.

फरहतने लगेच दौंडला फोन लावला. "मॅडम, तुमच्या ऑफिसात मॉनिटर केवढा आहे हो?" पलीकडून काय उत्तर आलं ते तिच्या तोंडावरच दिसलं. "चौदा इंची आहे," ती सरांना म्हणाली. "आणि कॉम्प्युटरही आपल्या ह्याच्याइतकाच जुना."

"मग त्यांना म्हणावं, मोठा घ्या आणि फॉन्टची सीडी न्या आमच्याकडून," सर म्हणाले.

"सर, एका मॅडमला सांगू. बाकी जे कुणी पान उघडतील त्यांना कुठं कुठं सीडी पोचवू?"

सर आपल्या बॅचकडे वळले. गिताबाई खुर्चीच्या काठावर बसून माझ्याकडे बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "पोरी, एक इचारू? घोंगडी कशी असती, एकट्यानं घेतली तर दुमडून घ्यायची. दोन लेकरं शेजारी आली की पसरायची. घोंगडी तीच असती. तुझं हे पान का दुमडत न्हाई?"

फरहतने कीबोर्ड पुढे ओढला. "दुमडतं, मावशी. मीच त्याला माप बांधून ठेवलं होतं."

तिने हजार ठिपक्यांचं माप काढून टाकलं. त्याऐवजी सांगितलं की पडदा केवढाही असो, त्याच्या शंभर वाट्यांतले चाळीस फोटोला, तीस माहितीला, तीस नावाला. पुन्हा पान उघडलं आणि उजवा रकाना माझ्या काठाच्या आत आला. जागा दाटीची होती, पण सगळं मावलं होतं.

अक्षरांचं मात्र अडलंच. मग फरहतने माहितीचा मजकूर चित्र करून लावला. चित्राला फॉन्ट लागत नाही, ते सगळीकडे सारखं दिसतं. नावाजवळ येऊन ती थांबली आणि कोरा कागद गिताबाईंपुढे सरकवला. "मावशी, नाव तुम्हीच लिहा. ते स्कॅन करून लावते."

"माझं अक्षर वाकडं येतं बाई."

"आन् मी इणलेला काठ तरी कुठं सरळ येतो?" बिरदेव म्हणाले. "लिही."

गिताबाईंनी दात ओठावर ठेवून नाव लिहिलं. फरहतने ते पान आधी माझ्यावर पाहिलं, मग सतरा इंचीवर. दोन्हीकडे तीच घोंगडी आणि तेच नाव.

सोमवारी दोघं नवराबायको सकाळपासून क्लासमध्ये बसून होते. दुपारी दौंडहून फोन आला. फरहतने रिसिव्हर गिताबाईंच्या कानाला लावला, आणि पलीकडच्या बाईंचा आवाज इतका मोठा होता की मलाही ऐकू आला. "पान उघडलंय. गिताबाई बिरदेव कोळपे, वडगाव रासाई. बरोबर? तुमच्या 'ता'चा काना जरा कलला आहे बघा."

"व्हय," गिताबाई म्हणाल्या. "तो माझाच हाय."

त्यांची निवड झाली. खड्ड्यासाठी बिरदेवांनी दोन पाट्या माती आणून ठेवली होती. ती त्यांनी अंगणात पसरली, असं गिताबाईंनी पुढच्या खेपेला सांगितलं आणि तोंडाला पदर लावून हसल्या.

तेव्हापासून फरहतने नेम धरला. कुठलंही पान असो, ते बाहेर जाण्याआधी माझ्यासमोर येतं. आता क्लासमध्ये चपटे, हलके पडदे आलेत. मला उचलायला दोन माणसं लागतात, सुरू झाल्यावर मी मिनिटभर नुसता उजळत राहतो. तरी मला कोणी भंगारात देत नाही. मी समाधानी आहे.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या अशी पानं कराल. करा, छान रंगीत करा. पण घरच्या मोठ्या पडद्यावर पाहून उठू नका. एखाद्या जुन्या, लहान पडद्यालाही जपून ठेवा, त्याच्यावरची धूळ पुसा आणि घटकाभर त्याच्यासमोर बसा. उजव्या काठाकडे नीट बघा. तिथे कुणाचं तरी नाव बाहेर राहिलेलं असतं.