घरी आलेल्यांचा कागद

गेली बावीस वर्षं मी मेलेल्यांचे कागद छापते. तसं दुकानात सगळंच आहे, वह्या, पेन्सिली, झेरॉक्स, पासपोर्टचे फोटो. पण आमच्या गावात माणूस गेला की घरचे आधी माझ्याकडे येतात. काळी चौकट, फोटो, नाव, वय, खाली शोकाच्या दोन ओळी. मग ते कागद फाटकावर, बसथांब्यावर, बेकरीच्या भिंतीवर आणि चौकातल्या लिंडनच्या झाडांवर लागतात. चाळिसाव्या दिवशी पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा, वर्षाला पुन्हा. पाव आणायला निघालेलं माणूस आधी झाड वाचतं, मग पाव घेतं. अमका कसा आहे, असं आमच्याकडे कुणी विचारत बसत नाही. झाडावर नाही ना? मग आहे.

हे आम्हा मोठ्यांचं झालं. दहा वर्षांच्या पोरीला त्या झाडांवरून काय कळलं, ते मला वेळेवर दिसलं नाही. त्याबद्दल मी स्वतःला माफ करणार नाही. आधीच सांगून ठेवते, कारण सांगता सांगता मी माझीच बाजू घ्यायला लागेन.

पोरीचं नाव एलित्सा. माझ्या शेजारच्या स्त्राहिलची नात. तिची आई रोसित्सा स्पेनमध्ये तिथल्या म्हाताऱ्यांची सेवा करायला गेलेली, आणि बाप कुठे आहे ते त्या बापालाच ठाऊक. घरात आजा आणि नात, दोघंच. स्त्राहिल ट्रॅक्टरचा मिस्त्री, अडुसष्ट वर्षांचा, काम सुटलं तरी हातातला पाना सुटला नव्हता. रोज सकाळी माझ्या दारातून ओरडायचा, "काय नेव्याना, आज किती गिऱ्हाइकं वर पाठवलीस?"

मी म्हणायचे, "तुझा फोटो आत्ताच आणून दे. त्या मिशांचं काहीतरी करावं लागेल, वेळ लागेल मला."

असली आमची थट्टा. जीभ कशी झडली नाही माझी!

कोरोनाच्या त्या नोव्हेंबरात शाळा पुन्हा बंद झाली. टीव्हीवर रोज सकाळी आकडे यायचे, इतके नवे, इतके गेले. वर्गातल्या पोरांपैकी फोनवर एक सांगायचं, गळ्यात लसूण बांधा, दुसरं सांगायचं, दवाखान्यात सुई टोचून मारतात. आई स्पेनहून सांगायची, हात धू, मास्क लाव. एलित्साला हवं होतं वेगळंच. आजोबांना कोरोना झाला तर आपण काय करायचं, एवढंच. तिच्याशिवाय घरात करणारं होतंच कोण? पण ते तिला कुणी सांगेना. मग ती सगळं गाव जिथे वाचतं तिथे गेली. वही घेऊन झाडांसमोर उभी राहिली.

आणि तिथून माझ्या दुकानात.

"मावशी, कोस्तादिन्काआजींना न्यायला अँब्युलन्स आली होती ना?"

"आली होती."

"आणि मग कागद आला."

"आला."

"मेतोदीकाकांना पण अँब्युलन्सनेच नेलं?"

"हो गं बाई, हो! पोलिसात लागलीस की काय?"

ती खाली मान घालून लिहीत राहिली. मग पेन्सिल चावत म्हणाली, "दवाखान्यातून परत आलेल्यांचे कागद तू कुठे लावतेस?"

मी हसले. खरंच हसले. "परत आलेल्याचा कागद कोण लावतं, वेडाबाई? सरक बाजूला, मला काम आहे."

काम होतंच. त्या दिवशी सात कागद होते, शाई संपत आली होती, आणि माझं डोकं ठणकत होतं. बघा, घ्यायला लागले ना बाजू.

त्याच वेळी तिचं लक्ष माझ्या कॉम्प्युटरकडे गेलं. पडद्यावर बोझिदार मास्तर होते, काळ्या चौकटीत. वय चौऱ्याहत्तर. एलित्साला अक्षरओळख त्यांनीच करून दिली होती. आठवड्यापूर्वी त्यांना अँब्युलन्सने नेलं होतं, आणि सकाळीच त्यांच्या मुलीचा फोन आला होता, डॉक्टरांनी आशा सोडली आहे, कागद तयार ठेव.

"मास्तर पण?" एलित्सा म्हणाली.

"जा गं घरी," मी म्हटलं.

मास्तर मेले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांची मुलगी फोनवर हसत होती की रडत होती तेच कळेना. "नेव्याना, फाडून टाक! बाबांना घरी आणलं!" ती तारीख होती चौदा नोव्हेंबर. मी बाराच्या बारा कागद शेगडीत घातले आणि कुणाला चकार शब्द बोलले नाही. जिवंत माणसाचा कागद छापून बसले, ही लाज. मास्तर लेकीच्या घरी पडद्यामागे निजून होते, महिनाभर बाहेर दिसले नाहीत.

सोळा तारखेला स्त्राहिलला ताप भरला. हे मला मागाहून कळलं. मला दिसलं ते इतकंच, की एलित्सा समोरच्या दुकानातून व्हिनेगरची बाटली घेऊन चालली आहे.

"लोणची घालून झाली की सगळ्यांची. व्हिनेगर कशाला गं?"

"आजोबांना हवंय."

"कुठायत ते? ओरडले नाहीत दोन दिवसांत."

"पंप दुरुस्त करतायत."

पापणी न हलवता सांगितलं तिने. आईलाही फोनवर सांगत होती, आजोबा झोपलेत. आणि घरात व्हिनेगरमध्ये मोजे भिजवून म्हाताऱ्याच्या पायांत घालत होती, छातीला राकियाची दारू चोळत होती. ती आजारी पडायची तेव्हा तो तिला हेच करायचा. स्त्राहिल पहिले दोन दिवस "काही नाही गं, सर्दी आहे" म्हणत होता. नंतर तो काही म्हणण्याच्या स्थितीत राहिला नाही.

पाचव्या दिवशी सकाळी त्यांच्या धुराड्यातून धूर नव्हता. नोव्हेंबरात आमच्याकडे चूल न पेटवणारं घर म्हणजे रिकामं घर. मी तशीच ॲप्रनवर धावले.

आत सगळीकडे व्हिनेगरचा वास. स्त्राहिल पलंगावर, ओठ निळे, छाती कशीबशी वर-खाली होत होती. मी फोन काढला तशी एलित्सा माझ्या हाताला लोंबकळली.

"नको मावशी, अँब्युलन्स नको! मी कोळसा आणते, मी आत्ता चूल पेटवते, नको ना बोलावू!"

"अगं मरेल तो!"

"नेलं की मरतील!" ती किंचाळली. "तूच त्यांचा कागद छापशील!"

मी तिला ढकललं. हो, ढकललं, आणि फोन लावला. अँब्युलन्स तीन तासांनी आली. पांढऱ्या पोशाखातली माणसं त्याला उचलून नेत होती तेव्हा ती फाटकाला धरून उभी होती, रडतसुद्धा नव्हती. तिच्या लेखी तो तिथेच गेला होता.

स्त्राहिल तिसऱ्या दिवशी गेला. दवाखान्यातली डॉक्टरीण मला फोनवर म्हणाली, "तीन दिवस आधी आणला असता तर कदाचित वाचला असता." हे मी पोरीला सांगितलं नाही. कागद मीच छापला. मिशा होत्या तशा ठेवल्या.

रोसित्सा येईपर्यंत एलित्सा माझ्याकडे राहिली. तिची वही मला त्यांच्या स्वयंपाकघरात सापडली. सुरेख अक्षर, मास्तरांनी वळवलेलं. एकोणीस नावं, वयं, आणि प्रत्येकापुढे एकच मजकूर. अँब्युलन्स आली, कागद आला. अँब्युलन्स आली, कागद आला. एकोणिसावे बोझिदार मास्तर. आणि खाली रेघ मारून लिहिलं होतं, "आजोबा. बोलवायची नाही."

पोरीचं काय चुकलं होतं? जे गावाने भिंतींवर लिहिलं ते तिने नीट वाचलं. आम्ही अर्धंच लिहिलं होतं.

मग मी फोन लावत सुटले. आठवडाभर, गावातल्या प्रत्येक घरी. दवाखान्यातून कोण कोण परत आलं? एकतीस निघाले. एकतीस! मी प्रत्येकाचा कागद केला, चौकट न घालता. फोटो, नाव, वय, आणि घरी आल्याची तारीख.

स्त्राहिलचा चाळिसावा दिवस नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी आला. रोसित्साने गहू शिजवून, साखर घालून घरोघरी वाटले. दुसऱ्या दिवशी दोघी स्पेनला निघणार होत्या. त्या दिवशी मी पहाटेच जाऊन कागद लावले, झाडांवर, बसथांब्यावर, सगळीकडे. मला वाटलं, जाण्याआधी तिने हे बघावं. त्या पोरीने आयुष्यभर दवाखान्याला घाबरू नये.

रोसित्सा बॅगा घेऊन थांब्यावर बसली. मी एलित्साचा हात धरून तिला झाडांपाशी नेलं. "बघ, हे सगळे अँब्युलन्सने गेले होते. सगळे घरी आले."

ती बोट ठेवून वाचू लागली, एकेक नाव, एकेक वय. एका कागदाशी बोट थांबलं.

"मास्तर आहेत?"

"आहेत बाळा. परवा अंगणात चालत होते."

बोट खाली सरकलं. चौदा नोव्हेंबर. तिचे ओठ हलताना मी पाहिले. मूर्ख बाई मी, तारखा कशाला घातल्या?

"हे आजोबांच्या तापाच्या आधी," ती म्हणाली.

"हो."

"तुला तेव्हा माहीत होतं?"

"माहीत होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

मी तिच्यापुढे उकिडवी बसले.

"मला लाज वाटली गं. चुकीचा कागद छापला होता, लोक हसतील म्हणून गप्प बसले."

तिने मान हलवली. "मीपण गप्प बसले. मीपण कुणाला सांगितलं नाही."

"नाही, एलित्सा! तुझं आणि माझं एक नाही. तू मला विचारलं होतंस. परत आलेल्यांचे कागद कुठे लावतेस, असं तू विचारलं होतंस, आणि मी हसले. ऐकतेस ना? चूक माझी आहे."

ती ऐकत होती की नाही, देव जाणे. बस आली, आईने हाक मारली. ती दोन पावलं गेली, परत आली आणि मास्तरांच्या कागदाचा सुटलेला कोपरा अंगठ्याने नीट दाबून चिकटवला.

"हा पडू देऊ नकोस," ती म्हणाली आणि बसकडे पळाली.