नऊ नंबरची तपासणी

साहेब येणार म्हटलं की शाळेतल्या मावशींच्या अंगात वारं शिरायचं. अठ्ठावीस वर्षं त्या तिथे शिपाई होत्या आणि एवढ्या काळात एकाही साहेबाच्या बोटाला त्यांनी धूळ लागू दिली नव्हती. फरशी तीनदा पुसायची आणि खिडक्यांना रंगाचा एक हात द्यायचा, हा त्यांचा शिरस्ता. रंगावर रंग चढत वरच्या मजल्यावरच्या खिडक्या चौकटीला कधी चिकटून बसल्या, ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. साहेब काय, खिडकी उघडून थोडीच बघतात.

त्या मजल्यावरच्या नऊ नंबरच्या वर्गाला मुलं भट्टी म्हणत. डोक्यावर पत्रा, पंचेचाळीस मुलं आणि एकच पंखा, तोही कुरकुरण्यापुरता. हिवाळ्यात तोच पत्रा असा गारठायचा की पोरं हात काखेत घालून बसत. मावशींची नात याच वर्गात होती. उन्हाळा लागल्यापासून तिचा घोळणा तीनदा फुटला होता आणि मागच्या आठवड्यात ती फळ्यासमोरच चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी सांगितलं, वर्ग गार होणार नसेल तर पोरीला घरी ठेवा. पोर अभ्यासात पहिली. तिला घरी ठेवायचं या विचारानेच मावशींचा जीव तीळतीळ तुटायचा.

मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, तीन वर्षं अर्ज करकरून दाताच्या कण्या केल्या, तेव्हा कुठे कचेरीचं पत्र आलं. इंजिनिअर एकदाच येऊन वर्गाचं तापमान मोजतील. पस्तीसच्या वर भरलं तर नवं छत, नव्या खिडक्या. बाईंनी पत्र कपाटात ठेवलं आणि जाता जाता मावशींना म्हणाल्या, "उद्या दुपारी साहेब येतायत, नऊ नंबर बघायला. छताचं काम होईल आता. मी सकाळी कचेरीत आहे, त्यांना घेऊनच येते."

"तुम्ही अजिबात काळजी करू नका, बाई."

मावशी असं म्हणाल्या की खरं तर काळजी करावी. पण बाई दमल्या होत्या.

साहेब खूश तर काम फत्ते, हे गणित अठ्ठावीस वर्षांत कधी चुकलं नव्हतं. त्यात या वेळी नातीचा प्रश्न. मावशी सकाळी सहालाच शाळेत हजर. गुडघे कुरकुरत असताना जिन्याने बादल्या वर नेल्या, पत्र्यावर जुनी गोणपाटं अंथरून भिजवली. सुरीने रंग खरवडून, पहार घालून चारही खिडक्या उघडल्या. ही बुद्धी आधी का झाली नाही, असं विचारू नये. आधी साहेब येणार नव्हते. दुपारी फरशीवर पाणी मारलं, मोठ्या बाईंच्या खोलीतला उभा पंखा आणून लावला, आणि वर्ग नीटनेटका दिसावा म्हणून पोरांना खालच्या व्हरांड्यात बसवलं.

अडीच वाजता साहेब आले. खिशातून मोबाइलएवढं यंत्र काढून त्यांनी बाकावर ठेवलं. मोठ्या बाई दारातच थबकल्या.

"एकोणतीस," साहेब म्हणाले. "छान वारा आहे की इथे."

"साहेब, रोज असं नसतं हो," बाई कशाबशा म्हणाल्या. "वर गोणपाटं भिजवलीत. मुलंसुद्धा खाली आहेत. उद्या परत याल का?"

"बाई, फॉर्मवर तारीख एकच असते." ते खिडकीपाशी गेले, पत्र्याच्या कडेने लोंबणारी ओली गोणपाटं पाहून त्यांनी कौतुकाने मान हलवली. "कुणी केलं हे?"

"मी, साहेब," मावशी पदर सावरत पुढे झाल्या.

"शाबास. प्रत्येक शाळेत तुमच्यासारखं माणूस हवं."

साहेब गेल्यावर बाईंनी कपाटातलं पत्र काढून मावशींना वाचून दाखवलं. रागवायचं त्यांच्या मनात होतं, पण मावशींचं तोंड बघून जमलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि तेही स्वतःच्या नातीवर.

घरी जाताना नात एकदम खुशीत होती. शेवटच्या दोन तासांना पोरं परत वर्गात बसली होती. "आजी, आज माझं डोकं दुखलंच नाही," ती म्हणाली. "साहेब रोज का येत नाहीत गं?"

मावशींनी तिचं दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेतलं.

पंधरा दिवसांनी कचेरीचा निकाल आला. छत नामंजूर. खाली शेरा होता: 'वर्ग थंड ठेवण्याची व्यवस्था शाळेत उपलब्ध आहे. तीच पुढे चालू ठेवावी.'

मोठ्या बाई हे वाचून दाखवायला मावशींना शोधत वर गेल्या. व्यवस्था तेव्हा जिन्यात होती, सहावी बादली घेऊन, दर पायरीला गुडघा धरत.