नववा प्रश्न

"एकशे चौदापैकी एकशे दोन 'हो'," विनिता म्हणाली आणि तिने पेन खाली ठेवले. "मावशी, आपली मागणीच उरत नाही."

दिंडोशीच्या टेकडीवरच्या बालवाडीत, रंगीत अक्षरतक्त्यांखाली, भरलेल्या कागदांचे गठ्ठे सतरंजीवर मांडले होते. टेकडीखालच्या सात इमारतींच्या संकुलात घरकाम करणाऱ्या बायकांनी हे सर्वेक्षण स्वतःच केले होते. प्रश्न त्यांनी ठरवले, विचारले त्यांनीच, आणि उत्तरेही त्यांचीच. विनिता त्यांच्यातल्याच एकीची मुलगी, संख्याशास्त्र शिकलेली. तिचे काम आकडे तपासण्यापुरते. संकुलाच्या कार्यालयाशेजारचे कुलूपबंद स्वच्छतागृह कामाच्या बायकांसाठी उघडावे, एवढीच मागणी घेऊन रविवारी समितीपुढे जायचे होते. नवव्या प्रश्नाने घात केला: कामाच्या घरी बाथरूम वापरू देतात का? दहापैकी नऊ जणी 'देतात' म्हणत होत्या.

सुगंधामावशीला बेरजेचा संशय आला नाही, उत्तराचा आला. संकुलात घरकाम करण्यात तिची अठरा वर्षे गेली होती. तिने गठ्ठा पुढे ओढून चौदावा प्रश्न काढायला सांगितला. वर्षभरात लघवीला जळजळ झाली का, यावर एकसष्ट जणींची खूण होती. ही दोन उत्तरे एकाच शरीरात सुखाने नांदणे कठीण होते.

"माझा कागद काढ," ती म्हणाली. "पहिलाच असेल."

नवव्या प्रश्नापुढे तिच्याच हातची खूण होती: हो.

"हे खोटं आहे," सुगंधा म्हणाली.

विनिताने तो कागद पुन्हा गठ्ठ्यावर ठेवला. मग, बाकीचे किती कागद असे आहेत, हे तिने जरा कोरडेपणानेच विचारले.

सुगंधा समजावून सांगू लागली. खोटे हा शब्दही नेमका नव्हता. कागद भरले तेव्हा आठ-दहा जणी एकत्र बसल्या होत्या. मला कामाच्या घरी बाथरूमलाही जाऊ देत नाहीत, असे चारचौघींत स्वतःबद्दल कोण सांगेल? शिवाय नाही कोणी म्हटलेलेच नव्हते. कारण कोणी कधी विचारले नव्हते. सकाळी चहाचे दोन घोट घ्यायचे, पाणी टाळायचे आणि दुपारी टेकडी चढून घरी यायचे, ही रीत नवी बाई जुनीकडून पहिल्या आठवड्यातच शिकायची. जी गोष्ट मागितलीच जात नाही तिला नकारही मिळत नाही, आणि नकार नाही म्हणजे परवानगी आहे, असे कागद समजला होता.

"मग प्रश्न बदलू," सुगंधा म्हणाली.

विनिताने नकारार्थी मान हलवली. "उत्तर आवडलं नाही म्हणून प्रश्न बदलायचा? याला संशोधन नाही म्हणत, मावशी. समितीतल्या एकाने जरी हे पकडलं ना, की सगळ्याची वाट लागली."

आक्षेप रास्त होता, आणि सुगंधाने तो रास्त म्हणूनच घेतला. जुना आकडा पुसायचा नाही, असे तिने सुचवले. तो तसाच ठेवायचा, शेजारी नवा मांडायचा, आणि दोन का आहेत ते आपणच आधी सांगायचे. नव्या प्रश्नात परवानगीचे नाव नको. काल घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत लघवीला कुठे गेलीस, आणि किती तासांनी, एवढेच विचारायचे. तेही एकेकटीला, टेकडी चढताना.

रविवारपर्यंत चार दिवस होते. सहा जणींनी वाटा वाटून घेतल्या. सुगंधाच्या वाट्याला सोनूबाई आली. वय पासष्टच्या आसपास, गाव कुडाळजवळचे, नवरा गिरणीत होता. गुडघ्यांमुळे ती दर वीस पायऱ्यांवर थांबत असे, त्यामुळे मुलाखतीला वेळ भरपूर मिळाला.

"ह्या काय विचारतंस गो मेले?" सोनूबाई म्हणाली. "आता माझो मूत पण लिवून घेतलंस?"

"व्हय. तास सांग."

सोनूबाई हसली, मग कठड्याला धरून थांबली. "आठ," ती म्हणाली. "पण माझी बाई चांगली आसा हां. तसा लिव."

सुगंधाने दोन्ही लिहून घेतले.

तिघी गावी गेल्या होत्या. उरलेल्या एकशे अकरापैकी एकोणीस जणी कामाच्या घरच्या बाथरूममध्ये गेल्या होत्या आणि सत्तावीस जणी नाक्यावरच्या सार्वजनिक स्वच्छतागृहात. पासष्ट जणी कुठेच गेल्या नव्हत्या. सहा ते नऊ तास.

रविवारी समितीच्या टेबलावर दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवले गेले. अध्यक्ष भाऊराव यांनी पहिला पाहून समाधान व्यक्त केले आणि दुसरा पाहताच ही घरे कोणती, याची यादी मागितली. कागदांवर नावे नाहीत आणि घरांचे क्रमांकही नाहीत, तशी अट घालूनच उत्तरे घेतली आहेत, असे विनिताने सांगितले.

सचिव मृणालिनीबाई इतिवृत्त लिहीत होत्या. रसायनशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका. एकाच गोष्टीचे दोन आकडे त्यांना सहन होण्यासारखे नव्हते. सुगंधा त्यांच्याकडे अठरा वर्षे कामाला होती. त्यांनी फरकाचे कारण विचारले आणि सुगंधाने ते सांगितले, जसे बालवाडीत विनिताला सांगितले होते तसेच.

"म्हणजे आम्ही कोणी नाही म्हटलेलं नाही," मृणालिनीबाई म्हणाल्या.

"नाही, बाई. आणि 'हो'ही म्हटलेलं नाही."

मृणालिनीबाईंनी पेन कागदावर टेकवून ठेवले होते.

"या पासष्टांत माझं घर आहे का?"

विनिताने घाईने अटीची आठवण दिली. अट भक्कम होती. तिच्याआड उभे राहिले असते तर सुगंधाला कोणी दोष दिला नसता. अठरा वर्षांचे घर होते. तिच्या मुलीचा दवाखाना आणि कॉलेजचा प्रवेश याच बाईंनी केला होता. उद्या सकाळी त्याच दाराची घंटा वाजवायची होती. पण सगळ्या कागदांमध्ये एक कागद असा होता की ज्यावरचे नाव सांगण्याचा हक्क फक्त तिचा होता, आणि तो लपवला तर बाकीच्या चौसष्टांचा आकडा हवेत राहणार होता.

"दुसऱ्यांचं मी सांगणार नाही," ती म्हणाली. "माझा कागद माझा आहे. आहे, बाई. तुमचं घर आहे."

भाऊराव घसा साफ करून मध्ये पडू पाहत होते; मृणालिनीबाईंनी त्यांना हातानेच थांबवले.

"किती तास?"

"सात. तुमच्याकडे पाहुणे असले की साडेसात."

मृणालिनीबाईंनी खाली पाहिले आणि इतिवृत्तात स्वतःच्या अक्षरात लिहिले: साडेसात. मग, सोमवारपासून कार्यालयाशेजारच्या स्वच्छतागृहाची किल्ली फाटकावर राहील, असा ठराव त्यांनीच वाचून दाखवला. विरोध कोणी केला नाही. भाऊरावांनी पाण्याच्या वापराबद्दल एक शंका मांडली, ती नोंदवली गेली.

सोमवारी किल्ली पहिल्यांदा सोनूबाईने घेतली. बाहेर आल्यावर, आत आरसोसुद्धा आसा, असे तिने फाटकावरच्या सगळ्यांना जाहीर केले आणि पुढचीच्या हातात किल्ली देताना, लवकर भायर ये, असा दम भरला.

सुगंधा नवव्या मजल्यावर गेली. भांडी झाली, ओटा झाला. मृणालिनीबाई जेवणाच्या टेबलाशी वर्तमानपत्र वाचत होत्या. कालच्या सभेचा विषय दोघींपैकी कोणी काढला नव्हता. साडेदहाच्या सुमारास सुगंधाने हात पुसले आणि खाली जाऊन येते, असे सांगितले.

"खाली कशाला?" पान न उलटता मृणालिनीबाई म्हणाल्या. मग त्यांनी पुस्ती जोडली, "मी विचारायला हवं होतं."

सुगंधा बाथरूमकडे वळली. या खोलीतली फरशी न् फरशी तिने घासली होती. कोणत्या टाइलचा टवका उडाला आहे आणि नळाखाली कुठे क्षार साचतात हे तिला न पाहता सांगता आले असते. पण घासताना दार नेहमी उघडे असायचे. आतली कडी तिने पुसली होती, लावली कधीच नव्हती. ती जराशी जड होती. दोन बोटांनी दाबून तिने ती सरकवली.