राजूरच्या गणपतीची माळ

बॅटरी अंगदच उतरवतो, याबद्दल काकासाहेबांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. लोखंडाच्या कारखान्यातलं, रुळांवरून मालाचे डबे ओढायचं जुनं डिझेल इंजिन दोघं मिळून चालवायचे. सकाळी काकासाहेब, दुपारनंतर अंगद. पूर्वी थंडीत ते रात्रभर चालूच ठेवत, कारण एकदा गार पडलं की ते म्हातारं उठायला तयार नसायचं. यंदा डिझेल वाचवायला कारखान्याच्या जगन्नाथसाहेबांनी ते रात्री बंद करायला लावलं आणि तेव्हापासून रोज सकाळी बॅटरी मेलेली.

"त्याला माझी सकाळपाळी पाह्यजे," काकासाहेब बायकोला म्हणाले. "म्हणून करून राह्यला हे सगळं."

पाळी बदलताना अंगद केबिनमधल्या राजूरच्या गणपतीला हात जोडायचा, तेही त्यांना ढोंग वाटायचं. एकदा तर त्यानं तसबिरीवरच्या दिव्यांच्या माळेकडे हात नेला. "काका, ही काढू का?"

"देवाला हात लावू नको!" काकासाहेब खेकसले. अंगद मुकाट्यानं बाजूला झाला.

शेवटी त्यांनी जगन्नाथसाहेबांचे कान भरलेच.

"ठीक आहे," साहेब अंगददेखतच काकासाहेबांना म्हणाले. "आज तुम्हीच इंजिन बंद करा, तुम्हीच कुलूप लावा. सकाळी सुरू झालं तर अंगद कायमचा घरी. नाही झालं, तर तुमचं बघू."

काकासाहेब त्या रात्री किल्ली उशाशी घेऊन झोपले.

सकाळी थंडी नुसती बोचत होती. कुलूप जसंच्या तसं होतं. त्यांनी बटण दाबलं. इंजिन कण्हलं आणि गप्प झालं. त्याबरोबर माळही विझली. बोट उचललं, तशी ती हळूहळू पुन्हा उजळली. त्यांनी परत दाबलं, ती परत विझली.

काकासाहेबांची नजर माळेच्या वायरीवरून बॅटरीकडे गेली. इंजिन बंद ठेवायचा हुकूम आला, त्याच आठवड्यात राजूरला जाऊन त्यांनीच ती माळ आणली होती. गार इंजिनाला देवानं सांभाळावं, त्याच्यापुढचा उजेड रात्रभर विझू नये, म्हणून त्यांनीच ती थेट बॅटरीला जोडली होती.

"काका, झालं का सुरू?" खालून साहेबांनी विचारलं.

वायर तोडून खिशात घातली असती, तर कुणाला पत्ता लागला नसता. पण ते केबिनच्या खिडकीतून खाली वाकले.

"न्हाई साहेब. अंगदचा बिलकुल दोष न्हाई. बॅटरी मीच मारून राह्यल्तो." त्यांनी फोन लावला. "अंगद, जल्दी ये बाबा. ती माळ तूच काढ."



"काका," अंगदनं जपून विचारलं, "आता कशाचा आळ घालून राह्यले माझ्यावर?"